सरकारी बोटीचे अंदमान

मराठी घरांतून अंदमानला जाण्याच्या दोन ठरलेल्या वाटा आहेत. पहिली सेल्युलर जेलची. सावरकरांच्या कोठडीसमोर नतमस्तक होऊन यायचे आणि जोडीने थोडा समुद्र पाहायचा. दुसरी नवविवाहितांची; तिच्यात विमानतळावरची गाडी, हॉटेल, खासगी कॅटामरान, म्हणजे वेगवान बोट, आणि किनाऱ्यावरचे जेवण असे सगळे पुण्या-मुंबईतच ठरवून, पैसे भरून झालेले असते. आम्ही दोघे पंचेचाळिशी ओलांडल्यावर, पाठीवर एकेक सॅक घेऊन, सरकारी बोटी आणि बस यांच्या भरवशावर तिथे गेलो. कमी पैशांत फिरणे म्हणजे चांगल्या सहलीतून एकेक सुख वजा करत जाणे, असा सर्वसाधारण समज आहे. बेटावर हा हिशेब तसा राहत नाही. तिथे पैसे वाचवायचे ठरवले की माणूस आपोआप बोटीच्या, भरतीच्या आणि पाण्याच्या स्वाधीन होतो, आणि तसे स्वाधीन झाल्यावर दोघांनी एकत्र निर्णय घेण्याची रीतही बदलते. त्याविषयी मला लिहायचे आहे.

पैशांची मर्यादा खरीच होती. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी नुकतीच भरली होती आणि घराचे हप्ते चालू होते. विमानाची तिकिटे सोडून दोघांचा मिळून रोजचा खर्च दोन हजारांच्या आत बसवायचा, असे आम्ही निघण्याआधीच ठरवले आणि हिशेबाची वही नवऱ्याने स्वतःकडे घेतली. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून अंदमानला प्रवासी जहाजे जातात आणि त्यांतल्या बंकचे, म्हणजे झोपायच्या जागेचे, भाडे विमानाच्या मानाने पुष्कळ कमी असते. पण एका बाजूच्या प्रवासालाच तीन दिवसांच्या आसपास लागतात, आणि तेवढी रजा आम्हा दोघांना एकाच वेळी मिळणे शक्य नव्हते. म्हणून जाता-येता विमान आणि बेटांवर उतरल्यावर काटकसर, अशी विभागणी केली.

श्री विजयपुरममध्ये, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला पोर्ट ब्लेअर म्हणत त्या शहरात, आम्हीही सगळ्यांत आधी सेल्युलर जेलमध्येच गेलो. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आज तीनच उभ्या आहेत. वरच्या मजल्यावरच्या त्या कोठडीपाशी आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही. त्या जागेविषयी मराठीत इतके आणि इतक्या अधिकाराने लिहिले गेले आहे, की मी त्यात भर घालणार नाही.

प्रवासाला खरी सुरुवात झाली ती फिनिक्स बेच्या जेट्टीवर, सरकारी बोटीच्या तिकीट खिडकीपाशी. खासगी कॅटामरानचे तिकीट हजाराच्या पुढे असते आणि ती दीड-एक तासात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाला, पोहोचवते. सरकारी बोटीला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, पण भाडे तिच्यापेक्षा पुष्कळ कमी असते. तिथल्या रहिवाशांकडे आयलँडर कार्ड असते आणि त्यांना या भाड्यातही मोठी सवलत मिळते. हे मला फार रास्त वाटले. या समूहात पाचशेहून अधिक लहानमोठी बेटे आहेत, त्यांतल्या जेमतेम चाळीस बेटांवर माणसे राहतात, आणि जी बोट आपल्यासाठी सहलीचा भाग असते ती त्यांच्यासाठी आपल्याकडची एसटी असते. रांगेत आमच्या पुढे शाळेचे दाखले घेऊन निघालेला एक मुलगा होता, औषधांचा खोका सांभाळणारे एक गृहस्थ होते, आणि माहेरहून परतणारी, कडेवर मूल घेतलेली एक बाई होती. आमचा नंबर आला तेव्हा हॅवलॉकची बोट भरली होती. नील या दुसऱ्या बेटाची तिकिटे मात्र शिल्लक होती. नवऱ्याने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, आणि घरी बसून आखलेला सगळा क्रम तिथेच उलटा झाला.

पुढे असे वारंवार घडत गेले. बोट भरली, वारा सुटला, किंवा बोट त्या दिवशी नव्हतीच, की बेत बदलायचा. घरी आमच्यात एखादा बेत बदलला की आधी कोणामुळे बदलला याचा शोध सुरू होतो. इथे तो शोध घेण्यात अर्थच नव्हता. समोर समुद्र होता आणि खिडकीमागचा माणूस शांतपणे सांगत होता, की उद्या सकाळी या.

सरकारी बोटीत आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे डेक. खासगी बोटींत बहुधा बंद काचांच्या आत, थंडगार हवेत, आपापल्या आसनावर बसून जावे लागते. आमच्या बोटीवर कठड्याला धरून पूर्ण वेळ बाहेर उभे राहता आले. पाण्यातून उडते मासे निघत होते आणि लाटांच्या वरून बऱ्याच अंतरापर्यंत तरंगत जाऊन पुन्हा पाण्यात शिरत होते. नवरा हर्णैचा, त्याचे बालपण समुद्रावर गेलेले. तरीही तो लहान मुलासारखा हात करकरून मला ते दाखवत होता.

नील, म्हणजे आताचे शहीद द्वीप, हे सायकलवरून सहज पालथे घालता येईल एवढे बेट आहे. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर अशी तिथल्या गावांची नावे आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना अंदमानात जमिनी देऊन वसवण्यात आले आणि त्यांतल्याच कुटुंबांनी हे बेट लागवडीखाली आणले. आज इथून राजधानीला भाजीपाला जातो. सकाळच्या बोटीवर चढणाऱ्या पोत्यांकडे पाहिले तरी ते कळते. आम्ही राहिलो ते घर अशाच एका कुटुंबाचे होते. घराच्या मागे, सुपारीच्या बागेत, त्यांनी बांबूच्या तट्ट्यांच्या दोन खोल्या काढल्या होत्या. घरमालकीणबाईंना सगळे माशी, म्हणजे बंगालीत मावशी, म्हणत, म्हणून आम्हीही तसेच म्हणू लागलो. माशींच्या हातचा सुरमईचा झोल, भात, मुगाची डाळ आणि परसातल्या लाल माठाची भाजी असे जेवण दोघांना मिळून तीनशेच्या आत होत असे. त्या पैशांतला प्रत्येक रुपया आमच्या डोळ्यांसमोर त्यांच्या हातात जात होता, याचे मला समाधान वाटत होते. बेटावर आलेला पाहुणा किती खर्च करतो यापेक्षा त्यातले बेटावर किती राहते, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि मोठ्या रिसॉर्टला दिलेल्या पैशांचे पुढे काय होते ते आपल्याला दिसत नाही.

पाण्याचेही तसेच. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण बेटे लहान आणि उतार तीव्र असल्याने ते पाणी झपाट्याने समुद्राला मिळते, आणि फेब्रुवारीनंतर विहिरी खाली जाऊ लागतात. राजधानीला धनीखारीच्या धरणातून पाणी मिळते, आणि उन्हाळ्यात तिथेही ते एकाआड एक दिवस किंवा त्याहून विरळ सोडण्याची वेळ येते. माशींनी पहिल्याच दिवशी सांगितले, की आंघोळीला माणशी एक बादली. ओला टॉवेल, खाऱ्या पाण्याने चिकट झालेले केस आणि एक बादली गोडे पाणी यांचा मेळ कसा घालायचा, हे आम्ही दोन दिवसांत शिकलो. दुष्काळी भागात माहेर असल्यामुळे मला त्याचे विशेष काही वाटले नाही; उलट, समुद्राकाठच्या हॉटेलांतल्या पोहण्याच्या तलावांकडे मी त्यानंतर निराळ्या नजरेने पाहू लागले.

दिवस लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. अंदमान पुण्याच्या बरेच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र एकच. त्यामुळे सूर्य तिथे आपल्यापेक्षा सव्वा तास आधी वावरतो. हिवाळ्यात सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास तो बुडतो आणि सहाला मिट्ट काळोख असतो. चेन्नईहून समुद्रतळाखालून टाकलेली केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून तिथले इंटरनेट पुष्कळ सुधारले आहे, पण आमच्या बांबूच्या खोलीपर्यंत ते फारसे येत नव्हते. साडेसातला जेवून झाले की करण्यासारखे काही उरत नसे. पहिल्या रात्री आम्ही दोघेही थोडे अस्वस्थ झालो. मग गप्पा निघू लागल्या. लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या घरातल्या, त्याच्या वडिलांच्या आजारपणाच्या, मुलाच्या. आणि मुलगा घराबाहेर गेल्यावर आम्ही दोघांनी काय करायचे, या आजवर पुढे ढकलत आलेल्या प्रश्नाच्याही. इतके सलग बोलणे आमच्यात कित्येक वर्षांत झाले नव्हते.

हर्णैकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. नवऱ्याला हे गणित आजोबांकडून मिळालेले आहे आणि त्याचा त्याला सार्थ अभिमान आहे. नीलच्या किनाऱ्यावर त्याने ते लावून पाहिले, पण प्रत्येक किनाऱ्याला भरती पोहोचण्याची स्वतःची घडी असते आणि इथली घडी काही तासांनी निराळी होती. त्याने एका मच्छीमाराला गाठले, दोन दिवस निरीक्षण केले आणि त्या पाऊणपटीत किती तास मिळवायचे ते पक्के केले. त्यानंतर आमचा दिनक्रम त्यानेच लावला. लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक खडकाच्या कमानीपर्यंत केवळ ओहोटीलाच चालत जाता येते. पाणी उतरले की प्रवाळाच्या पठारावर जागोजागी डबकी उरतात आणि त्यांत समुद्रकाकड्या, शिंपले, निळे-पिवळे लहान मासे अडकलेले दिसतात. तिथून शंख किंवा प्रवाळाचा तुकडा उचलून आणण्यास बंदी आहे आणि ती असावीच. गटाने आलेले पर्यटक त्यांच्या गाडीच्या वेळेला पोहोचत, आणि त्यातले काही भरतीच्या पाण्यापाशी थबकून परत फिरत. आम्ही मात्र पाणी सांगेल तेव्हा जात होतो. आमच्याकडे गाडी नव्हती, म्हणून गाडीची वेळही नव्हती.

स्कूबा डायव्हिंग हा अंदमानच्या सहलीचा मुख्य खर्च. एका माणसाच्या एका बुडीला आमच्या दोघांचे दोन दिवस निघतील एवढे पैसे लागत होते. वहीत बघून नवरा म्हणाला, "तू एकटी जा, मी लहानपणापासून पाण्यातच आहे." मला ते पटेना. एकटीने पाहून यायचे आणि वर येऊन त्याला वर्णन करून सांगायचे, यात मला रस नव्हता. शेवटी आम्ही भाड्याने दोन मास्क आणि नळ्या घेतल्या, आणि मला पोहता येत नसल्यामुळे एक लाइफ जॅकेटही घेतले. समुद्रात कुठे उतरायचे आणि कुठे नाही हे आधी गावात विचारून घेतले, कारण या बेटांच्या खाड्यांतून खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि तिथल्या सूचना गांभीर्यानेच घ्यायच्या असतात. मग रोज सकाळी, छातीभर पाण्यात उभे राहून, त्याने मला पालथे तरंगायला शिकवले. माझ्या पोटाखाली त्याचा हात असे आणि तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे, "श्वास सोड, मान सैल सोड." लग्नाला वीस वर्षे होऊन गेल्यावर नवऱ्याकडून काही अंगाने शिकण्याची वेळ किती बायकांवर येते, मला माहीत नाही. मला तो फार मोठा लाभ वाटला. एका सकाळी त्याने हात काढून घेतला आहे हे मला कळलेही नाही, कारण माझ्या खाली, पुरुषभर खोलीवर, पोपटमाशांची एक जोडी प्रवाळ कुरतडत होती आणि तो आवाज पाण्यातून स्पष्ट ऐकू येत होता.

त्या तळाचा पुष्कळ भाग मृत होता, हेही सांगितले पाहिजे. समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ आपल्यातल्या शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. उष्णता टिकून राहिली तर मरतो. २०१० आणि २०१६ मध्ये अंदमानच्या प्रवाळांवर हे संकट येऊन गेले आहे. करड्या, मोडलेल्या फांद्यांच्या पसाऱ्यात मध्येच एखादा जांभळा, जिवंत गोळा दिसला की आम्ही एकमेकांना हाताने दाखवत असू आणि पाय खाली टेकणार नाहीत याची काळजी घेत असू.

हॅवलॉकवर आम्ही नंतर गेलो. राधानगरचा किनारा जितका सुंदर म्हणतात तितका सुंदर आहेच; त्याच्या काठचे उंचच उंच समुद्री मोहाचे वृक्ष मला वाळूपेक्षाही जास्त आवडले. बाकी तिथे सगळे महाग आहे आणि गर्दी आहे.

उत्तर अंदमानात डिगलीपूरला जायचे ठरले तेव्हा मात्र आमच्यात खरा मतभेद झाला. सगळ्यांत स्वस्त आणि सरळ मार्ग म्हणजे अंदमान ट्रंक रोडवरून जाणारी बस. परंतु हा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. १९५६ च्या कायद्याने आदिम जमातींचे प्रदेश संरक्षित केले आहेत. जिरकाटांगच्या नाक्यापासून गाड्या ठरलेल्या वेळी, ताफ्याने, बंदोबस्तात सोडल्या जातात, आणि वाटेत थांबण्यास, छायाचित्रे घेण्यास किंवा काही देण्यास मनाई आहे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जारवांच्या प्रदेशातला हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता, तरीही रस्ता चालूच राहिला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जारवा जंगलाबाहेर येऊ लागले, आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. एका लहान समाजाला, ज्याच्या शरीराने हे आजार कधी पाहिलेले नाहीत, आपल्या येण्याजाण्याची किंमत कशी मोजावी लागू शकते, हे त्यावरून समजते.

नवऱ्याचे म्हणणे असे, की बस सार्वजनिक आहे, कायद्याने चालते, तिथले लोक रोज तिने जातात, आणि आपल्या दोन आसनांनी काही फरक पडणार नाही. शिवाय जहाज रोज नसते. त्यासाठी राजधानीत थांबावे लागेल, म्हणजे राहण्या-खाण्याचा खर्च वाढेल आणि वहीतली मर्यादा मोडेल. त्याचे एकही विधान खोटे नव्हते. माझे म्हणणे एवढेच होते, की ते लोक कामासाठी जातात आणि आपण हौसेसाठी, आणि कोणाच्या तरी घराच्या मधून जाणारी हौस मला नको. याच रस्त्याने लागणाऱ्या बाराटांग बेटावरच्या गुहा पाहायला म्हणून निघालेल्या गाड्यांतून कित्येक डोळे खरोखर काय शोधत असतात, हे राजधानीतल्या चहाच्या टपऱ्यांवरच्या बोलण्यांतून मी ऐकले होते आणि मला ते सहन झाले नव्हते. रात्री उशिरापर्यंत आम्ही वाद घातला. सकाळी त्याने वहीत जहाजाच्या बंकचे भाडे लिहिले आणि मर्यादेची रेघ दोन ओळी खाली ओढली.

जहाजावर शेजारच्या बंकवर डिगलीपूरची एक बाई होती. सासऱ्यांना राजधानीतल्या रुग्णालयात दाखवून ती परत निघाली होती. आम्ही बसने का गेलो नाही, असे तिने विचारले आणि मी कारण सांगितले. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "दीदी, ॲम्ब्युलन्स जहाजाची वाट बघत नाही." उत्तरेकडच्या हजारो माणसांना तो रस्ता का हवा आहे, हे तिच्या एका वाक्यात होते. मी तिला काही उत्तर दिले नाही. माझा निर्णय मला आजही योग्य वाटतो, आणि तिचे म्हणणेही मला संपूर्ण मान्य आहे. सहलीला आलेल्या माणसाला पर्याय असतो. त्याने तो वापरावा, एवढेच मी म्हणेन. २०१७ मध्ये बाराटांगपर्यंत समुद्रमार्गही सुरू करण्यात आला होता. असे मार्ग वाढले आणि नियमित झाले, तर त्या बाईचाही भार काही अंशी हलका होईल.

डिगलीपूरचा परिसर मला सगळ्यांत जास्त भावला. एरियल बेच्या जेट्टीवरून रॉस आणि स्मिथ या दोन बेटांना जायला डुंगी, म्हणजे लहान होडी, मिळते. ओहोटीला त्यांना जोडणारी वाळूची पट्टी उघडी पडते. डुंगीचे भाडे बोटीमागे असल्यामुळे आम्ही कोलकात्याच्या एका कुटुंबाबरोबर ते वाटून घेतले. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात या बाजूची जमीन उचलली गेली आणि उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे प्रवाळ पाण्याबाहेर येऊन मेले. त्याच भूकंपात दक्षिणेकडची जमीन खचली. राजधानीजवळ सिप्पीघाटला समुद्राने गिळलेली भातशेती आम्ही आधी गावच्या बसमधून पाहिलीच होती. एकाच सकाळी एक टोक वर गेले आणि दुसरे खाली, ही गोष्ट पुस्तकात वाचून जितकी कळते, त्याहून त्या दोन जागा पाहिल्यावर फार जास्त कळते.

कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात चार जातींची समुद्री कासवे अंडी घालायला येतात आणि वनखात्याचे कर्मचारी रात्रभर गस्त घालून ती अंडी सुरक्षित जागी हलवतात. तिथे विजेरी चालत नाही, बोलणे चालत नाही. आम्ही त्यांच्या परवानगीने वाळूत बसून राहिलो. मध्यरात्र उलटल्यावर ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी वर आली, आणि मागच्या वल्ह्यांनी तिने जो खड्डा खणला तो इतका नेटका होता, की नवऱ्याने माझा हात घट्ट धरला. तो फारसा भावनाप्रधान माणूस नाही.

सॅडल पीकवर, ७३२ मीटर उंचीच्या अंदमानातल्या सर्वोच्च शिखरावर, आम्ही अर्ध्यापर्यंतच गेलो. पावसाने वाट निसरडी झाली होती.

परतीच्या विमानाआधी राजधानीत एक मोकळा दिवस राखून ठेवणे अत्यावश्यक आहे, हे या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगते. वारा सुटला की बोटी रद्द होतात आणि त्याला कोणाचाच इलाज नसतो. आम्हाला तो दिवस वापरावा लागला नाही. जहाजाच्या भाड्याने आणि वाढीव मुक्कामाने मर्यादा मोडली होती, तरी स्कूबाचे न खर्चलेले पैसे जमेस धरता वहीचा मेळ बसला. नवरा आता चेन्नईहून जहाजानेच जायचे म्हणतो आणि त्याला लिटल अंदमान पाहायचे आहे. मला मात्र लाँग आयलंडवर राहायचे आहे, जिथे मोटारी नाहीत आणि लालाजी बेच्या किनाऱ्यावर जंगलातून चालत जाता येते. रजा किती साठवता येतील आणि जहाज कोणत्या तारखेला सुटेल, त्यावर कोणाचे म्हणणे आधी पूर्ण होते ते ठरेल.